मुठीत न मावणारी करंगळी

त्या कॉलेजात कोण फिजिक्स शिकून गेलंय हे ओळखायला प्रमाणपत्र मागावं लागत नसे. समोरच्याला फक्त उजव्या हाताचा नियम करून दाखवायला सांगायचं. तार मुठीत धरली आहे असं समजायचं, अंगठा विजेच्या प्रवाहाच्या दिशेला, मग बाकीची बोटं ज्या बाजूने वळतात ती चुंबकीय क्षेत्राची दिशा. नियम जगभर हाच. पण इथला विद्यार्थी मूठ वळायचा आणि त्याची करंगळी मात्र अर्धवट बाहेर राहायची, नाजूकपणे चहाचा कप धरणाऱ्या पाहुण्यासारखी. का, असं विचारलं तर एकालाही सांगता यायचं नाही. पुस्तकात तशीच आहे, एवढंच उत्तर. नवी मुलं पहिल्या दिवशी फिदीफिदी हसायची, मागच्या बाकावरून कोणीतरी करंगळी दाखवून "सर, जाऊन येऊ का?" असं विचारायचंच. आणि वर्ष संपता संपता तीच मुलं परीक्षेच्या हॉलमध्ये करंगळी बाहेर काढून गंभीर चेहऱ्याने बसलेली असायची.

कारण ठाऊक असलेली दोनच माणसं उरली होती. एक, ते पुस्तक लिहिणारे निवृत्त प्राध्यापक, ज्यांना सगळे मूठसर म्हणत. दुसरी त्यांची मुलगी, त्याच कॉलेजची ग्रंथपाल. ती करंगळी तिच्या आईची होती.

आईचं बोट लहानपणी दाराच्या फटीत सापडलं होतं. हाड वाकडं जुळलं आणि ते बोट पुन्हा कधी मुठीत मावलं नाही. आई डावखुरी, हाताला चित्रकला. मूठसरांना पट्टी घेऊनसुद्धा सरळ रेघ जमत नसे, म्हणून पुस्तकातल्या झाडून सगळ्या आकृत्या आईने काढल्या, स्वयंपाक आटोपल्यावर ओट्याशेजारच्या टेबलावर. या आकृतीसाठी तिने तारेऐवजी उजव्या मुठीत लाटणं धरलं आणि डाव्या हाताने जसं दिसलं तसं उतरवलं. करंगळी बाहेर होती, बाहेर काढली. मूठसरांनी अंगठा पाहिला, बोटांचं वळण पाहिलं, बरोबर म्हणाले. प्रकाशकाने तर तेवढंही पाहिलं नसावं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यात आईचं नाव कुठेच नव्हतं. पुढच्या आवृत्तीत घालू, असं प्रकाशक म्हणाला. त्यानंतर आवृत्त्या भाराभर निघाल्या, पण ती 'पुढची' काही निघाली नाही. आईला त्याचं काही वाटत नसे, निदान ती तसं म्हणायची. "माझं बोट आहे ना आत, मग नाव कशाला हवंय?" असं म्हणून हसायची. मुलीला नोकरी लागली त्याच वर्षी आई गेली.

आता मुलीच्या नोकरीचं. वाचनालयात काउंटरच्या मागे एक कुलपाचं कपाट होतं. जी पाठ्यपुस्तकं मुलांना विकत घेणं झेपत नाही, त्यांच्या दोन-तीन प्रती वाचनालय घेई आणि त्या कपाटात ठेवी. पुस्तक मिळायचं ते दोन तासांसाठी, तेही तिथेच बसून वाचायला. दोन तास झाले की ती वाचणाऱ्याच्या मागे जाऊन उभी राहायची, बोलायची काही नाही. मुलांनी तिचं नाव दोनतासबाई पाडलं. तिला ते आवडायचं, पण चेहऱ्यावर दाखवायची नाही.

कपाटातल्या सगळ्या पुस्तकांत जास्त मारामारी मूठसरांच्या पुस्तकावर. प्रकाशक मोठा हुशार. दर आवृत्तीत धड्याच्या शेवटची गणितं तेवढी खालीवर करायचा, म्हणजे मोठ्या भावंडांची जुनी पुस्तकं धाकट्यांना निकामी. किंमत चढत चढत खोलीच्या भाड्याला भिडली होती. मुलं रांग लावायची, आणि ज्यांना रांगेचा कंटाळा, ती पुस्तक दुसऱ्याला मिळू नये म्हणून भलत्याच कपाटात दडवायची. मधमाशीपालनाच्या पुस्तकांकडे वर्षानुवर्षं कोणी फिरकत नसे, त्यामुळे दडवायची आवडती जागा ती. बाई संध्याकाळी तिथून पुस्तक काढून आणायच्या आणि काउंटरवर आपटून म्हणायच्या, "मधमाश्यांचा अभ्यास झाला असेल तर माणसांना द्या आता."

मूठसर निवृत्तीनंतर रोज वाचनालयात वर्तमानपत्र वाचायला येत. नव्या मुलांना ते कोण हे ठाऊक नसे. एके दिवशी रांगेत ताटकळलेली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "हा मूठसर कुठे भेटला ना, तर विचारणार आहे मी, आमच्या जिवावर किती माड्या चढवल्यास रे बाबा?" सर शेजारीच उभे होते. माडी कसली, दोन खोल्यांचं घर, तेही गळकं.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. मुलीने फार विचारलं तेव्हा म्हणाले, "मी उद्या कॉलेजला लिहून देतो. माझं पुस्तक मुलांना फुकट द्या."

"नाही देता येणार, बाबा."

"का? मी लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंय, पण ते तुमचं नाही. सगळे हक्क प्रकाशकाला देऊन बसला आहात. मजकुराचे, आकृत्यांचे, सगळ्याचे. सही करताना वाचलं नव्हतंत?"

"सही केली तेव्हा तू पाळण्यात होतीस," सर म्हणाले. "रात्रभर रडायचीस. वाचणार कोण आणि कधी?"

पण तिच्याकडे एक वाट होती. वाचनालयाने मुक्त पुस्तकांचं काम हाती घेतलं होतं. प्राध्यापकांनी नवं पुस्तक लिहायचं, वाचनालयाने ते तपासून, मांडून सगळ्यांसाठी खुलं करायचं. फोनवर वाचा, उतरवून घ्या, छापून घ्या, कोणी अडवणार नाही. काम तिच्याच डोक्यातून निघालेलं आणि तिच्याच अंगावर पडलेलं. सुरुवातीला तिच्याकडून एक चूक झाली होती. दुसऱ्या एका पुस्तकाचे धडे तिने भाबडेपणाने कॉलेजच्या संकेतस्थळावर चढवले, आणि आठवडाभरात वकिलाची नोटीस दारात. प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "आणखी एक कागद असा आला, तर तुमचं हे फुकट खातं त्याच दिवशी बंद." तेव्हापासून ती ताकही फुंकून पीत होती. नव्या पुस्तकात जुन्यातलं काही म्हणजे काही येता कामा नये, हा तिचा दंडक.

"मग मी नवं लिहितो," सर म्हणाले.

छातीच्या दुखण्याने ते अर्धे झाले होते. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं होतं. तरी त्यांनी लिहायला घेतलं. उशीला टेकून लिहायचे, आणि लिहिता लिहिता जुनीच वाक्यं यायची, कारण ती वाक्यं त्यांनी जन्मभर फळ्यासमोर घासूनपुसून घेतलेली. मुलगी संध्याकाळी यायची आणि लाल पेन्सिल फिरवायची. "बाबा, हे जुन्यातलं." सर कुरकुरायचे. "अगं, याहून सोपं कसं सांगू? पृथ्वी गोल आहे हेही आता वेगळ्या शब्दांत सांगायचं का?" पण बदलायचे. कधी कधी नवं वाक्य जुन्याहून चांगलं व्हायचं, मग तिला दोनदा मोठ्याने वाचून दाखवायला लावायचे आणि स्वतःवरच खूष व्हायचे. त्या दोघांचे ते दिवस फार सुखाचे गेले, हे तिला नंतर कळलं.

आकृत्या नवे सर संगणकावर करून देत होते. हे नवे सर म्हणजे मूठसरांच्या जागेवर आलेले त्यांचेच विद्यार्थी. कानावरचे केस पिकले तरी कॉलेजात ते नवेच. सगळ्या आकृत्या त्यांनी केल्या, एक सोडून. ती एक मूठसरांनी कोणाला करू दिली नाही. "हात मी काढणार," म्हणाले.

"बाबा, तुम्हाला रेघ तरी येते का?"

"येत नाही तर शिकेन. आता कुठे घाई आहे मला?"

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी तिला खाटेजवळ बसवलं. स्वयंपाकघरातून लाटणं आणायला सांगितलं. तेच लाटणं, आईचं, एका बाजूने झिजलेलं. तिने ते उजव्या मुठीत धरलं, अंगठा वर. सर कागदावर वाकले. रेघ जाड बारीक होत होती, खोडरबराने कागद मऊ पडला होता. पण हळूहळू अंगठा उतरला, मग एकेक बोट.

"करंगळी जरा बाहेर घे," सर म्हणाले.

तिने घेतली. घेतली आणि स्वतःच्या हातावर तिला आईचा हात दिसला. क्षणभरच. मग तिने ती परत आत ओढली.

"नको, बाबा."

"का?"

"तीच आकृती होईल ती. त्यांच्याकडे असलेली. जगात कुठल्या पुस्तकात अशी करंगळी आहे? एका नजरेत ओळखतील."

"अगं, पण हात तुझा आहे."

"करंगळी माझी नाही ना. माझी नीट आहे."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. "सगळं दिलं त्यांना," ते हळू आवाजात म्हणाले. "वाक्यं दिली, उदाहरणं दिली, तिने काढलेलं प्रत्येक चित्र दिलं. तिचं बोटसुद्धा त्यांचंच?"

"आपण आईचं नाव घालू की! पहिल्याच पानावर, ठसठशीत. तुमच्या नावाच्याही वर."

"नाव कोण वाचतं? मुलं थेट परीक्षेच्या धड्यावर उडी मारतात, तूच सांगतेस ना? करंगळी मुलांच्या हातात गेली होती. न सांगता गेली होती."

तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. नोटीस आली तर पुस्तक जाईल, काम बंद पडेल, ती रांग पुन्हा लागेल, हे सगळं ती त्यांना सांगत राहिली. खरंच होतं ते सगळं. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे हा कोणाचाही हात झाला."

"कोणाचाही होऊ दे, बाबा. फुकट पुस्तक कोणाचंही असायला हवं."

"बरं," सर म्हणाले. "दोनतासबाईंचा नियम तो नियम." त्यांनी पेन्सिल उचलली आणि करंगळी बाकीच्या बोटांना लावून मुडपून काढली. ती मात्र एका दमात काढली, खोडावी लागली नाही. खाली सही केली नाही.

कॉलेजचे कायदा सल्लागार त्याच इमारतीत, जिना चढून गेलं की समोरच्या खोलीत बसत. करंगळीचं काय, असं त्यांना विचारता आलं असतं. तेव्हा तिला वाटलं, उगाच विचारायला गेलं तर प्रकरण प्राचार्यांपर्यंत जायचं. आणि नंतर विचारलं नाही, आजतागायत नाही, कारण त्यांनी सहज मान वर करून "त्यात काय, चाललं असतं की," असं म्हटलं, तर ते ऐकून घ्यायची ताकद तिच्यात नाही.

पुस्तक आलं. पहिल्या पानावर आईचं नाव होतं. मुलांनी फोनवर उतरवून घेतलं, ज्यांचे डोळे दुखत त्यांनी वाचनालयातून छापून घेतलं. कपाटासमोरची रांग विरघळली. बाई काउंटरवर बसून राहायच्या आणि दोन तास झाले तरी कोणाच्या मागे जाऊन उभं राहायचं काम उरलं नाही. शेजारच्या कॉलेजांनीही तेच पुस्तक लावलं. प्राचार्यांनी सभेत तिचं कौतुक केलं, त्याच तोंडाने.

सर एकदा येऊन गेले. नव्या सरांनी त्यांना हाताला धरून जिन्यावरून आणलं.

"रांग कुठाय?" त्यांनी विचारलं.

"गेली," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा असा उजळला की ती खुळ्यासारखी हसायला लागली. मग ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. पलीकडच्या टेबलावर पहिल्या वर्षाची मुलं फोन मध्ये ठेवून अभ्यास करत होती. मुठी वळत होती, अंगठे वर करत होती, कुठल्या दिशेला, कुठल्या दिशेला, म्हणून एकमेकांशी वाद घालत होती. साऱ्यांच्या करंगळ्या आत. सर बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते. घरी जाताना तिचा हात धरला होता, तो सोडला नाही. महिना उलटायच्या आत ते गेले.

त्यानंतर एक वेगळंच खूळ तिच्या मागे लागलं. ती मुलांचे हात बघत बसायची. वरच्या वर्गातली मुलं जुन्या पुस्तकावर शिकलेली, त्यांच्या करंगळ्या बाहेर होत्या. ती पास झाली आणि पांगली. नवे सर एकदा पुस्तक परत करताना हसत म्हणाले, "ताई, गंमत बघा. मुलं मला विचारतात, सर, तुमची करंगळी बाहेर का? पुस्तकात तर आत आहे. या वयात मूठ वळायला शिकलो बुवा." तिनेही हसून दाखवलं. त्यांना कारण माहीत नव्हतं, आणि आता सांगून त्यांना ओशाळं करण्यात काय अर्थ होता?

शेवटी एकच जण उरला. त्याला सगळे मुक्कामी म्हणत, कारण त्याच्याबरोबरची मुलं नोकरीला लागून बापसुद्धा झाली, तरी तो फिजिक्सच्या एका पेपरात अडकून कॉलेजात मुक्कामाला. दिवसा गॅरेजात कामाला, संध्याकाळी वाचनालयात. नखांत काळं वंगण. ओठ हलवत वाचायचा, आणि नियमाशी आला की त्याचा हात आपोआप वर यायचा, आणि त्या काळ्या हाताची करंगळी बाहेर यायची. बाई तेवढ्यासाठी कपाटाचं काही काम काढून त्याच्या टेबलावरून जायच्या. आई गेल्यावर तिला आई एवढ्या जवळून कुठेच दिसली नव्हती.

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी सकाळी वेणी घालताना तिच्या मनात आलं, तो नापास होवो. एवढंच एक वर्ष, आणखी एकदा. मनात आलं आणि तिला स्वतःची शिसारी आली. ज्या पोरांसाठी जन्म झिजवला, त्यातल्याच एकाचं वाईट चिंतायची वेळ आली होती. तिने कंगवा ठेवला आणि वेणी तशीच अर्धी सोडून थोडा वेळ बसून राहिली.

मुक्कामी दुपारी आला. धावत आला असावा, कारण काउंटरला धरून श्वास घेत होता.

"सुटलो, बाई!"

"पास?"

"पास! बायकोला अजून सांगितलं नाही, आधी तुमच्याकडे आलो. तुमच्या त्या फोनवरच्या पुस्तकाने तारलं. गॅरेजात जेवणाच्या सुट्टीत वाचायचो. आधी काय व्हायचं, रांगेत उभा राहून पुस्तक हातात पडेपर्यंत कामावर जायची वेळ व्हायची." तो थांबला, जरा लाजला. "आणि बाई, माझं चुकत कुठे होतं तेही त्यातच कळलं. मी बोट वाकडं धरायचो. इतकी वर्षं! नव्या पुस्तकातलं चित्र नीट पाहिलं तेव्हा लक्षात आलं. आता बघा."

त्याने उजवा हात तिच्यासमोर धरला आणि मूठ वळली. अंगठा वर, बोटं आत, करंगळी शहाण्यासारखी बाकीच्यांना चिकटून.

"आता बरोबर आहे ना?"

करंगळीने दिशा बदलत नाही, तुझं चुकत नव्हतं, असं तिला सांगायचं होतं. पण तो वाट बघत होता, पास झालेल्या माणसाच्या चेहऱ्याने.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "अगदी बरोबर."

तो जायला निघाला, आणि दारातून परत आला. "एक राहिलं. रागावू नका. जुन्या पुस्तकाची एक प्रत मी मधमाश्यांत दडवली होती, अगदी मागे. तशीच राहिली. काढून टाका आता, कोणाला लागणार आहे?"

तो गेल्यावर ती उठली. जुनी आवृत्ती वाचनालयाने केव्हाच बाद केली होती, एक हरवली असं लिहून बाकीच्या प्रती तिनेच मोजून रद्दीत दिल्या होत्या. डोळ्यांसमोरून जाऊ दिल्या होत्या, नियम म्हणून. मधमाशीपालनाच्या कपाटात तिने हात घातला. धुळीत, भिंतीला टेकून, ती प्रत होती.

ती तिथेच जमिनीवर बसली. पान शोधावं लागलं नाही, इतक्या मुलांच्या अंगठ्यांनी ते मळलं होतं की पुस्तक आपोआप तिथेच उघडलं. आईचा हात, मुठीत लाटणं, आणि करंगळी बाहेर. तिने आपला हात त्याच्या शेजारी ठेवला, मूठ वळली, आईसारखी करंगळी काढून पाहिली. राहीना. जरा दुर्लक्ष झालं की आत यायची. मग तिने पुस्तक छातीशी धरलं आणि बाबांना म्हणाली, "चुकलं माझं, बाबा." वाचनालयात मोठ्याने बोलायचं नाही म्हणून हळूच म्हणाली. खूप रडली.

मग डोळे पुसले, पदर झटकला. पुस्तक रद्दीत द्यायला हवं होतं. तिने आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत नव्हतं. चोरट्या मुलांनी जसं ठेवावं तसं तिने ते पुन्हा मधमाश्यांच्या मागे सरकवलं, भिंतीपर्यंत, आणि पुढची पुस्तकं नीट रांगेत लावून टाकली.